त्रास काहीच नाई

नाई नाई, त्या खाटेवर नका बसू, तिची सुतळी ढिली झाली, बसलं की बूड जमिनीले लागते — इकडं या, ओट्यावर, सावलीत. चाकाची काळजी करू नका. आदेश गेला न फटफटीवर तुमच्या डायवरले मागं बसवून, पंक्चरचं चाक मधात आणि स्टेपनी, तीही बसलेली, डायवरच्या मांडीवर — माझा पुतण्या आहे तो, गाडी हळू चालवते असं मी म्हणणार नाई, पण पोचवते. पोंभुर्ण्यापर्यंत जाणं, पंक्चर काढणं, येणं — चहा होते तोवर. दूध नाई घरात, म्हून आमची घरवाली, गुणाबाई, ठमाबाईकडं गेली आणाले. आता ठमाबाईकडं गेली म्हणजे नुसती दुधासाठी गेली असं नाई न! उद्या गावचा पट आहे — शंकरपट, बैलायची शर्यत हो — लेकी येऊन राह्यल्या, जावई येऊन राह्यले, कोणाच्या घरी किती कोंबड्या, कोणाची पोट्टी पाहाले कुठचे पाहुणे, सारं बोलून झालं की मग दूध आठवेल तिले. बोलाले बसली की गुणाबाईले थांबवणारा माणूस या तालुक्यात नाई. बसा निवांत. फोन नका काढू, रेंज नाई इथी — त्या मोहाच्या झाडाखाली उभं राहून तळ्याकडं तोंड केलं तर एक दांडी येते, तीही ढग नसले तर.

आणि काय करता तुम्ही? बँकेचे? नाई? विम्याचे? — मासोळीखातं! अरे वा, म्हणजे आमच्या तळ्यात बीज सोडाचं की नाई ते पाहाले आले होते. सोडा, सोडा. चंद्रपूरलेच राहता न? बरं. तर मग तुमाले साहेबच म्हणाले पाहिजे, पण मी भाऊ म्हणतो, राग मानू नका. काऊन म्हणाल तर — ते पहा, गोठ्यात, तो पांढरा, शिंगाले शेंदूर लावलेला — त्याचं नाव साहेब. आणि तो दुसरा, सावळा, त्याचं नाव बाबू. मी इथून साहेब म्हटलं की तो मान वर करते आणि दावं ओढते. पाहाचं आहे? साहेब! — पाह्यलं? तुमीही पाह्यलं वर, तोही पाह्यला वर. म्हून भाऊ. नावं मीच ठेवली. काऊन की बाबू पळाल्याशिवाय साहेब पळत नाई. बाबूनं पाय उचलला की मग साहेबाले वाटते, अरे, हा पुढं गेला तर माझी इज्जत गेली, आणि मग तो असा सुटते असा सुटते की बाबूची जीभ बाहेर. सरकारी हापिसात राहता तुम्ही, तुमाले समजलं असेल.

आता तुम्ही माझ्या गळ्याकडं पाहून राह्यले. पहा, पहा, सारेच पाहतात. पाहून मग वर छपराच्या कवेलूकडं पाहतात. तुमीही पाह्यलं कवेलूकडं! नाई हो भाऊ, फास नाई घेतला. पोलीसपाटलानंही असंच विचारलं होतं, एका बाजूले नेऊन, हळू आवाजात — लहानू, घरी काही भांडण झालं का? मी म्हटलं, पाटील, घरी रोजच भांडण होते, तेवढ्यासाठी माणूस गळ्याले दोर लावत असता तर गावात एक नवरा उरला नसता. हा वळ कासऱ्याचा आहे. बैलाचा कासरा. आता फिका झाला, पहिले तर निळा-काळा होता, गुणाबाई म्हणे, तुमाले काय दागिना घालून दिला बैलायनं.

झालं असं — पट बंद होता न इतके वर्ष, कोर्टानं बंद केला होता, मग सुरू झाला, पण नियम आले. तुतारी, ती खिळ्याची काठी, टोचाची नाई. शेपटी पिळाची नाई. बॅटरीचा झटका-फिटका तर बिलकूल नाई. आणि नियम बरोबर आहेत, मी सांगतो तुमाले, काही लोक बैलायचे लय हाल करत. पण मग बैल पळवाचा कसा? तर टाळीनं. तोंडानं. माझ्या जोडीले टाळीची सवय आहे, छकड्यावर उभा राहून दोन्ही हातानं टाळी वाजवली की बाबूचे कान मागं जातात — आणि मग आगगाडीच समजा. पण दोन्ही हातानं टाळी वाजवाची तर कासरा कुठी ठेवाचा? दातात धरला तर ओरडता येत नाई. तर मी तो गळ्यात टाकाचा. माझा बाप नांगरताना टाकत होता न — शेताच्या टोकाले बैल थांबले की कासरा गळ्यात टाकाचा, बिडी पेटवाची, मग पुन्हा हातात. आमच्याकडं सारेच टाकतात. नांगराचे बैल काय हो, थांबलेले असतात. पटाचे बैल थांबलेले नसतात, हे त्या दिवशी ध्यानात नाई राह्यलं. धान कापणी झाली होती, पहिलाच पट होता तिकडं मूल तालुक्यातल्या एका गावी, जोडी अशी सुटली होती, लोक उभे राह्यले होते, आणि मधात एक कुत्रं आलं. कुत्र्याले पटाचं काय कौतुक! साहेब इकडं, बाबू तिकडं, छकडा आडवा, मी हवेत, आणि कासरा गळ्यात.

ओढत नेलं न मले. किती ते ठाऊक नाई, मी मोजत नव्हतो. मग सुटला तो आपोआप. उठलो, धूळ झटकली, टोपी शोधली, पहिले बैल पाह्यले — ते ठीक होते — मग चहा पेलो. चहा गळ्याखाली गेला, भजं गेलं. म्हटलं, काही नाई झालं. आणि खरंच काही नाई झालं! हात चालते, पाय चालते, तोंड तर पाहूनच राह्यले तुम्ही कसं चालते. त्रास काहीच नाई. पण नियमात एक अँबुलन्सही असते आता पटाच्या मैदानाजवळ, तिच्यात एक डॉक्टर पोट्टी बसली होती, आमच्या दिव्यानीच्या वयाची — दिव्यानी माझी पोरगी, वरोऱ्याले दिली — तर त्या डॉक्टर पोट्टीनं वळ पाह्यला आणि म्हणे, काका, चंद्रपूरले चला, मानेचा फोटो काढू. मी म्हटलं, बाई, मान तर वळते, अशी, अशी. ती म्हणे, नका वळवू! अशी ओरडली, मी तिथीच घाबरलो. पडलो तेव्हा नाई घाबरलो.

तर चंद्रपूरले फोटो निघाला. साधा नाई, नसेत रंग सोडून, यंत्राच्या भोकात झोपवून. आणि मग सापडलं. काय सापडलं म्हणाल तर — मानेत इथी, डावीकडं, हाताले ठोका लागते न, तिथी मोठी नस आहे, डोक्याले रक्त नेते ती. तिचं आतलं अस्तर फाटलं. बाहेरून नस शाबूत, आतून अस्तर सुटलेलं. कोटाचं नाई का होत? वरून कोट चांगला दिसते, हात घातला की हात बाहीत नाई जात, अस्तरात जाते. तसं. आणि फाटलं तिथी एक बारीकसा फुगवटा, चारोळीच्या दाण्याएवढा. मी म्हटलं, मग मले समजून काऊन नाई राह्यलं? दुखत काऊन नाई? तर डॉक्टर म्हणे, तेच तर.

आता इथून खरी गंमत आहे, ऐका. चहा येतच असेल.

मेंदूचे मोठे साहेब होते एक. त्यायनं फोटो पाह्यला, मले पाह्यलं, म्हणे, हात दाबा — दाबला. हसा — हसलो. चाला — चाललो. म्हणे, उत्तम. एक बारीक गोळी लिहून देतो, रक्ताच्या गुठळ्या होऊ देत नाई, रोज जेवल्यावर एक, आणि तीन महिन्यानं पुन्हा फोटो. बहुतेकांचं आपोआप भरते. लय आवडले मले ते साहेब. म्हटलं, बैल? ते म्हणे, थोडे दिवस जपून. थोडे दिवस म्हणजे आमच्या भाषेत आज-उद्याचे, भाऊ.

पण गुणाबाई काय एका डॉक्टरवर थांबणारी आहे? ती साधं लुगडं तीन दुकानात पाहून घेते. नागपूरले नेलं तिनं मले. तिथी नसायच्या मॅडम होत्या. फक्त नसा पाहतात त्या, बाकी माणूस कसा का असेना. त्यायनं फोटो पाह्यला आणि कपाळाले आठी. म्हणे, बारीक गोळी नाही पुरायची, मोठं औषध द्यावं लागेल, रक्त चांगलं पातळ करणारं, आणि दर थोड्या दिवसानं रक्त तपासाचं, जास्त पातळ झालं की नाई ते पाहाले. आणि त्या औषधावर असताना — आता कान देऊन ऐका — विळा नाई, कुऱ्हाड नाई, छकडा नाई, बैलाच्या शिंगापाशी जाणं नाई. लागलं तर रक्त थांबणार नाई. मी म्हटलं, मॅडम, एवढं सारं बंद केलं तर मग नस सांभाळून करू काय? त्या हसल्या नाई. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग त्याच दवाखान्यात खालच्या माळ्यावर एक तारवाला डॉक्टर. तरणा पोट्टा, बूट लय भारी. तो जांघेतून तार घालते आणि ती तार वर मानेपर्यंत नेते — मले वाटलं थट्टा करून राह्यला, नाई हो, खरंच नेते — आणि तिथी जाळी बसवते. जाळी! मासोळीची नाई, तुमच्या खात्याची नाई, बारीक, स्प्रिंगसारखी. ती आतून उघडते आणि अस्तर दाबून धरते. म्हणे, काका, दोन दिवसात घरी. मी म्हटलं, मग ते दुसरे साहेब गोळी काऊन म्हणून राह्यले? तो म्हणे, ते त्यायच्या जागी बरोबर आहेत. मी म्हटलं, आणि मॅडम? म्हणे, त्याही त्यायच्या जागी बरोबर आहेत. आता मले सांगा, भाऊ. नस एक. गळा एक. गळ्याचा मालक एक, तो समोर बसलेला, त्याले त्रास काहीच नाई. आणि तिघं तीन तऱ्हेचे बरोबर! आमच्याकडं बैल बसला तर एक जण म्हणे डाग द्या, एक म्हणे तेल पाजा, आणि एक म्हणे बसू द्या, उठेल. मले वाटे हे आमचंच असते. नागपूरलेही तेच!

नाई, मी विचारलं न. मी सोडतो का? मॅडमलेच विचारलं, पुन्हा जाऊन, की मॅडम, तुमचं तिघायचं जमत काऊन नाई? आणि त्यायनं काय सांगावं — त्या म्हणे, भाऊ, खरं सांगू, ज्यायले लकवा मारून गेला त्यायचं काय कराचं हे आम्हाले बऱ्यापैकी ठाऊक आहे. पण नस फाटली आणि माणूस ठणठणीत, असे लोक दवाखान्यात येतच नाईत, तुमच्यासारखे अपघातानं सापडतात. त्यायच्यापैकी कोणाले पुढं त्रास होईल आणि कोणाचं आपोआप भरेल, हे पक्कं सांगता येत नाई. म्हून जो ज्या कामात तयार झाला, त्याले त्याच्या कामाचा धोका कमी दिसते, दुसऱ्याच्या कामाचा जास्त. मेंदूवाल्यायनं औषधानं डोक्यात रक्त सांडलेले लोक पाह्यले असतात, म्हून ते बारीक गोळी देतात. आम्ही गुठळीनं पाय काळा पडलेले लोक पाह्यले असतात, म्हून आम्ही मोठं औषध देतो. म्हणजे, मॅडमनंच कबूल केलं न, की ठाऊक नाई! मी गावात येऊन हेच सांगितलं, पाराजवळ बसून, लोक असे हसले असे हसले. हाव, मॅडम खरं बोलल्या, हे मले समजलं होतं. पण सांगताना मी ते हसाचं करून सांगितलं.

एका गोष्टीवर मात्र तिघायचं जमलं. मेंदूवाले, नसावाल्या, तारवाला — तिघायनंही जाताना दाराशी थांबवून एकच सांगितलं, जसे ठरवून आले होते. की लहानूभाऊ, जर कधी एका डोळ्यासमोर अंधारी आली, एका हाताची पकड सुटली, की बोलता बोलता जीभ जड झाली — एक मिनिटासाठी का होईना, मग आपोआप बरं का होईना — तर ते आपोआप बरं झालं म्हून घरी बसाचं नाई. त्याच पावली दवाखाना गाठाचा, दिवस असो रात असो. गुणाबाईनं ते पाठ केलं. रोज सकाळी विचारते, डोळा? म्हणतो, ठीक. हात? ठीक. जीभ? म्हणतो, तूच सांग. शाळेत हजेरी घेतल्यासारखं. मग चहा देते.

तर मग मी काय केलं? मी पटाचं केलं. पटात काय असते, घड्याळवाले असतात, आता मशीन आलं पण आमच्या गावी अजून घड्याळवाले आहेत, तीन माणसं, तीन घड्याळं. जोडी पळाली की तिघं आपापलं घड्याळ दाखवतात. तिघायचं जमलं तर आकडा फळ्यावर. नाई जमलं, तिघायचे तीन आकडे निघाले, तर समिती काय म्हणते? काहीच झालं नाई असं धराचं, जोडी पुन्हा पळवा. बस्स. तर माझी जोडी पुन्हा पळून राह्यली उद्या. ज्या दिवशी तिघं एक आकडा दाखवतील त्या दिवशी मी ऐकीन. हसू आलं न? साऱ्यायलेच येते. गुणाबाईले नाई आलं.

गोळी? घेतो न, बारीकवाली. म्हणजे घेत होतो. आता या हप्त्यात नाई. पटाच्या आधी बैलाले काही जड देत नाई न आपण — ओला चारा बंद, ढेप बंद, अंग हलकं पाहिजे, रक्त मोकळं पाहिजे. तर धुरकऱ्यानंही, जोडी हाकणाऱ्यानं, तसंच ऱ्हावं. मी गोळीही बंद केली. उगाच पडलो-झडलो, खरचटलं, आणि रक्त वाहत राह्यलं तर लोक म्हणतील म्हाताऱ्याले घरी बसवा. पट झाला की पुन्हा सुरू. तुम्ही असं तोंड नका करू हो, तुम्ही मासोळीचे आहात.

नाई, उद्याचं तसं सोपं आहे. फक्त एक बदल केला, जुवाची बाजू बदलली. साहेब जन्मापासून डावीकडं. उद्या त्याले उजवीकडं जुंपणार. गाव बोंबलून राह्यलं, की लहानू, पटाच्या आदल्या दिवशी कोणी बैलाची बाजू बदलते का? बैलाले बाजू म्हणजे — डाव्या बाजूचा बैल उजवीकडं लावला की तो आतल्या अंगानं ढकलते, पाय चुकते, त्याले वाटते जग उलटं झालं. गुणाबाईनं तर तोंड सोडलं. तिच्या माहेरचा आहे न साहेब, तिनं गोऱ्हा असताना ताक पाजून वाढवला. म्हणे, काऊन? काऊन बदलली बाजू? मी म्हटलं, त्याचा डावा खांदा सुजला. तिनं खांदा दाबून पाह्यला. मी म्हटलं, आतून सुजला! आता आतून सुजते हे तिले डॉक्टरायनंच शिकवलं, म्हून खांदा सोडला तिनं.

तुमाले सांगतो, तुम्ही काय, चाक आलं की जासान. बाबू शहाणा आहे, त्याले पाहाची गरज नाई. साहेबावर नजर पाहिजे, तो कधी कुठी वळेल सांगता येत नाई. आणि डावीकडचं मले — म्हणजे नेहमी नाई, कधीमधी — दिसत नाई. एकदम नाई दिसत. परवा पहिल्यांदा झालं, साहेबाच्या शिंगाले शेंदूर लावून राह्यलो होतो, आणि डाव्या डोळ्यावर कोणी वरून पडदा सोडला. नाटकाचा सोडतात न, तसा, सावकाश, वरून खाली. अर्धा बैल गेला. शिंग होतं आणि तोंड नव्हतं. मी तसाच उभा, त्याच्या शिंगाले धरून. मग पडदा उचलला, सारं पहिल्यासारखं. ऊन लागलं असेल म्हटलं. काल सकाळी पुन्हा. तेव्हा ऊन नव्हतं. आणि काल हातातली वाटीही सुटली, शेंदराची, उजव्या हातातून, ते पहा गोठ्यात सांडलेलं — पण ते तेलकट होतं हो, तेलानं सुटते कोणाच्याही हातातून. एवढंच. म्हून बाजू बदलली. साहेब उजवीकडं असला तर पडदा पडला तरी मले तो दिसेल. बरोबर केलं की नाई? डोकं लावलं न?

काय झालं? तुम्ही उठले काऊन? — बसा न. अहो ते तिघायनं सांगितलं होतं ते एकदम मोठा अंधार आला तर. हे एवढंसं. त्रास काहीच नाई. सकाळी हजेरी झाली माझी — डोळा ठीक, हात ठीक, जीभ ठीक. खोटं बोललो, हाव. आणखी एकाच दिवसाचं खोटं आहे, उद्या पट झाला की परवा सांगणारच होतो. तुमाले काय वाटते, मले समजत नाई? मी भ्यालो, भाऊ. शिंग धरून उभा होतो तेव्हा भ्यालो मी, साहेबाले समजलं ते, तो हलला नाई, जो कधी एका जागी उभा राहत नाई तो हलला नाई. पण गावचा पट इतक्या वर्षानं आहे. बंद होता तेव्हा मी चाळिशीत होतो, आता माझे गुडघे वाजतात. डॉक्टरायचं भांडण चालू होतं तोवर बरं होतं, भाऊ, खरं सांगतो. तिघायचं जमत नव्हतं म्हून माझं चालून राह्यलं होतं. हे सांगितलं असतं तर जमलं असतं त्यायचं. मग मी कोणाच्या नावानं हसलो असतो पाराजवळ?

तुम्ही मागं कुठी पाहून राह्यले?

अरे. गुणा. तू कवाची उभी आहेस तिथी?

दूध मिळालं का? — दे न, चहा ठेव, पाहुणे बसले. हे मासोळीखात्याचे. आम्ही असंच, बैलायचं बोलून राह्यलो होतो. — गुणा, लोटा खाली काऊन ठेवला, मांजर तोंड घालेल. काय? काही ऐकलं का तू? अगं मी गंमत करून राह्यलो होतो, यायले विचार. सांगा न भाऊ तिले, की गंमत होती. सांगा न.

तुमी तर मान हलवून नाई म्हणून राह्यले. बरं.

पाह्यलं, भाऊ, काहीच बोलून नाई राह्यली ती. ही! हिनं एका बसस्टँडवर कंडक्टरले रडवलं आहे. बोलली असती तर मी भांडलो असतो, तिघा डॉक्टरायशी भांडलो, हिच्याशी तर रोजच भांडतो. घरात गेली. बाहेर आली. माझा पांढरा सदरा आहे तिच्या हातात, पटाचा नवा. आणि फोटोची ती मोठी पिशवी. आता चप्पल घालून राह्यली. तिची चप्पल उलटी-सुलटी झाली, डावी उजव्या पायात — गुणा, हळू. हळू गं. मी येतो. येतो म्हटलं न.

फटफटीचा आवाज आला. आदेश असेल, चाक आलं. भाऊ, तुम्ही चंद्रपूरलेच चालले न? मागच्या सीटवर काय आहे, जाळी-फिळी? दोन माणसं मावतील का? हाव, मले धरून नका उठवू, मी उठतो, पाय ठीक आहेत, खरंच ठीक आहेत, यावेळी खोटं नाई. कोणाकडं न्याचं म्हणता? कोणाकडंही न्या. जो पहिला दवाखाना लागेल तिथी. आता त्यायचं तिघायचं जमते, पाहा तुम्ही.

आदेश! गाडी बंद कर आणि इकडं ये. चाक लवकर बसवून दे डायवरले, आणि मग ऐक. उद्याची जोडी तू हाकलशील. पाहू नको असा माझ्याकडं, हाकलता येते तुले, मी चोरून पाह्यलं आहे. कासरा हातात धरजो, गळ्यात टाकशील तर तंगडी तोडीन. टाळी नाई वाजवली तरी चालते, नुसतं ओरड, बाबूले समजते. आणि साहेबाले डावीकडंच जुंपजो, त्याच्या नेहमीच्या बाजूले. तुले दोन्हीकडचं दिसते.

चला, भाऊ. चहा राहू द्या.